निर्जन बेटावर सात माणसं

एकांत ही वस्तू माझ्या वाट्याला कधी आलेली नाही. मी वाढलो ते घर डोंबिवलीतलं, एक खोली आणि स्वयंपाकघर. त्यात आम्ही सहाजण, एक शिवणयंत्र आणि गावाहून 'दोन दिवसांसाठी' येऊन महिनाभर राहणारा कोणीतरी पाहुणा. पुढे लोकलनं जाऊन बी. कॉम. केलं आणि लोकलनंच बँकेत जाऊ लागलो. बँकेत माझ्या आणि जनतेच्या मध्ये एक काच आहे खरी. पण तिला खाली भोक ठेवलेलं आहे. त्या भोकातून पासबुकं येतात, आधार कार्डं येतात, तक्रारी येतात. एकदा एका आजीबाईंचा नातू कोपरापर्यंत आत आला होता आणि माझा शिक्का घेऊन परत गेला. घरी यावं तर बायको, मुलगी, टीव्ही आणि पाण्याच्या टाकीची वर्गणी मागायला आलेला सोसायटीचा सेक्रेटरी. तेव्हा एकांताविषयी बोलायचा मला पूर्ण अधिकार आहे. उपाशी माणसाला श्रीखंडाविषयी असतो तसा.

हा अधिकार मी आज एका खेळाच्या बाबतीत वापरणार आहे. खेळाचं नाव 'मिस्ट'. आता, चाळिशी ओलांडलेला माणूस कॉम्प्युटरवर गेम खेळतो म्हटलं की आमच्या शाखेतले लोक दोनच गोष्टी धरून चालतात: एक तर हा बंदूक घेऊन माणसं मारतो, नाहीतर पैसे लावून रमी खेळतो. 'मिस्ट'मध्ये मी काय करतो हे मी एकदा आमच्या हेड कॅशियरना समजावून सांगितलं. म्हणालो, एक बेट असतं. तिथे कोणी नसतं. आपण हिंडतो, वस्तू बघतो, जुन्या वह्या वाचतो आणि कळी फिरवून बघतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे ऑडिट!"

हा खेळ १९९३ च्या सप्टेंबरात अमेरिकेत निघाला. वॉशिंग्टन राज्यातल्या स्पोकेन गावाजवळ रँड आणि रॉबिन मिलर या दोघा भावांच्या 'सायन' नावाच्या छोट्या कंपनीनं तो केला. (हे वॉशिंग्टन म्हणजे राष्ट्राध्यक्ष राहतात ते नव्हे. हे देशाच्या पार दुसऱ्या टोकाचं, सिॲटलवालं.) दोघे सख्खे भाऊ एकत्र धंदा करतात म्हटल्यावर आपल्याकडे माणूस आधी कोर्टाची पुढची तारीख विचारतो. पण या भावांनी साठ लाखांच्या वर प्रती खपलेला खेळ केला. कॉम्प्युटरवरचा सगळ्यात खपाचा खेळ हा मान कित्येक वर्षं त्याच्याकडे होता. २००२ साली तो 'द सिम्स'नं काढून घेतला. 'द सिम्स'मध्ये काय करायचं असतं? घर बांधायचं, नोकरी करायची, स्वयंपाक करायचा, शेजाऱ्यांशी बोलायचं. म्हणजे निर्मनुष्य बेटाला शेवटी हरवलं ते संसारानंच.

माझी आणि 'मिस्ट'ची गाठ पडली १९९६ च्या मे महिन्यात, ठाण्याला आत्याकडे. आतेभाऊ माझ्याहून चार वर्षांनी मोठा. त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो. दादासाठी काकांनी सीडी-रॉमवाला ४८६ कॉम्प्युटर घेतला होता. त्या काळी कॉम्प्युटर हा घरातला जावई असे. त्याला स्वतंत्र टेबल, अंगावर फुलाफुलांचं आच्छादन, खोलीत चपला आणायच्या नाहीत. सीडी कुठून आली हे कृपा करून विचारू नका. लॅमिंग्टन रोडला त्या वेळी बऱ्याच गोष्टी मिळत, एवढंच सांगतो.

सीडी घातली आणि आम्ही एका धक्क्यावर उभे राहिलो. शेजारी अर्धं बुडालेलं जहाज. वर कड्यावर एक भलंमोठं दातेरी चाक. खाली पाण्याचा चुबुक चुबुक आवाज, वर वारा. पुढे काय? काहीच नाही. 'अमुक करा' अशी पाटी नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही, मागे कोणी लागलेलं नाही. आम्ही माऊस हातात धरून पाचएक मिनिटं कोणीतरी आपल्याला मारायला येईल म्हणून वाट पाहिली. कोणी आलं नाही. एवढी उपेक्षा आमची लग्नाच्या पंगतीतसुद्धा झाली नव्हती.

मागे खाटेवर आजी माळ ओढत बसली होती. ती चष्म्यातून बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "घरं बांधल्येत, वाचायला पुस्तकं ठेवल्येत. माणसं कुठे गेली रे?"

त्यानंतर 'मिस्ट'वर मी पुष्कळ वाचलं. इंग्रजीतून, जाडजूड शब्दांत. पण आजीच्या त्या वाक्याच्या पुढे टीकाशास्त्र फारसं गेलेलं मला दिसलं नाही. माणसं नुसती नसणं आणि माणसं 'गेलेली' असणं यात फरक आहे. चंद्रावर माणसं नाहीत म्हणून कोणाला एकटं वाटत नाही, उजाड वाटतं. 'मिस्ट'च्या वाटेवर गवतात एक चिठ्ठी पडलेली असते, नवऱ्यानं बायकोला लिहिलेली: बेटावरच्या कळी मोज आणि तो आकडा धक्क्याजवळच्या यंत्रात घाल. ग्रंथालयातली बहुतेक पुस्तकं जळलेली, चारदोन वाचण्याजोगी उरलेली. कोणाचं तरी भांडण इथे झालंय, कोणीतरी घाईनं गेलंय आणि चिठ्ठी जिच्यासाठी होती तिला ती मिळालेली नाही. ती तुम्ही वाचताय. दुसऱ्याचं पत्र फोडल्यावर छातीत जे होतं, ते या खेळाचं वातावरण. भुताखेतांचं काम नाही.

हे मला नीट कळलं ते नोकरी लागल्यावर. वर्षअखेरीच्या कामासाठी एका रविवारी मी सगळ्यांच्या आधी शाखेत पोचलो. शटर अर्धं वर, दिवे बंद. टोकनचा आकडा शुक्रवारच्या शेवटच्या गिऱ्हाईकावर थांबलेला. दोरीला बांधलेलं पेन काउंटरवरून खाली लोंबतंय. साहेबांच्या खुर्चीच्या पाठीवर टॉवेल. रोज ज्या जागी मला श्वास घ्यायला फुरसत नसते, तिथे मी हळूहळू, पाय न वाजवता चालत होतो आणि वस्तूंना हात लावायला धजत नव्हतो. तेवढ्यात शिपाई आला आणि त्यानं पंखा लावला. बेट बुडालं.

या एकांताच्या मागचं कारण मात्र अगदीच व्यवहारी आहे, आणि कॉमर्सचा माणूस म्हणून मला ते फार आवडतं. मिलर बंधूंनी हा खेळ 'हायपरकार्ड' नावाच्या ॲपलच्या साध्यासुध्या सोयीवर बांधला होता. पत्त्यांचा कॅट असावा तशी चित्रांची कार्डं एकावर एक. चित्रावर टिचकी मारली की पुढचं कार्ड. असली सुमारे अडीच हजार चित्रं. म्हणजे आपण चालत नसतोच. आपण अल्बम चाळत असतो. त्या वेळचे सीडीचे यंत्र इतके सावकाश, की एक चित्र जाऊन दुसरं येईपर्यंत आत्या आतून विचारून जाई, "बंद पडला का?" अशा सामग्रीत चालतीबोलती माणसं आणणार कुठून? तेव्हा माणसं काढून टाकली. जी दोनतीन लागलीच ती टपाल तिकिटाएवढ्या चौकटीत, पुस्तकाच्या पानात कोंडलेली दाखवली आणि त्यांची सोंगं भावांनी आपणच घेतली. संगीतसुद्धा आधी नकोच म्हणत होते. मग करून बघितलं, बरं वाटलं, तेव्हा रॉबिननं थोडंसं घातलं. तुटपुंज्या पगारात नेटका संसार म्हणतात तो हा. पुढे भरपूर पैसे आणि दणकट कॉम्प्युटर मिळालेल्या किती लोकांना असं रिकामं बेट जमलं? त्यांची बेटं बघावीत तर शेकडो मैल लांब, आणि नकाशावर कामांच्या खुणाच खुणा: इथून औषधी आण, तिथे चौघांना भेट, पलीकडे पेटी उघड. त्याला मी साहस म्हणणार नाही. ती माझ्या टेबलावरची प्रलंबित कामांची यादी आहे.

तर त्या निर्जन बेटावर आम्ही एकंदर सातजण होतो. दादा आणि मी माऊसपाशी. आजी खाटेवर. दादाची धाकटी बहीण आलेखाच्या कागदावर नकाशे काढायला, कारण तिचं अक्षर चांगलं. काका शेजारच्या खोलीत झोपलेले. त्यांचा हिस्सा असा, की दुपारी दोन ते चार आवाज पूर्ण बंद. आता एका जगात जमिनीखालून रुळांवरून डब्यात बसून जायचं असतं आणि दर वळणावर डबा एक आवाज करतो. तो आवाजच कुठल्या दिशेला वळायचं ते सांगतो. आम्हाला तो ऐकूच येत नव्हता! आम्ही त्या भुयारात दोन आठवडे हिंडलो आणि आंधळेपणानं संपूर्ण नकाशा काढून बाहेर पडलो. पुढे खरी युक्ती कळली तेव्हा दादा काकांशी एक दिवस बोलला नाही. आणखी एक जग होतं, पाण्यावर बांधलेल्या झाडांवरच्या झोपड्यांचं. तिथे नळांच्या चाव्या फिरवून पाणी हव्या त्या यंत्राकडे न्यायचं असतं. हे कोडं अमेरिकेत लोकांना किती जड गेलं असेल ते असो. खालच्या मजल्यावरच्या काकू साखर मागायला आल्या होत्या, त्यांनी उभ्याउभ्या सोडवलं. बिल्डिंगचा पंप आणि पालिकेचा चावीवाला यांच्यात त्यांची पंधरा वर्षं गेली होती.

सातवी आत्या. खेळात एक अग्निबाण आहे, आणि अग्निबाणात बाजाची पेटी. होय, पेटी. वहीतल्या चित्रात दाखवलेल्या पाच पट्ट्या वाजवायच्या, ते सूर लक्षात ठेवायचे आणि समोरच्या पाच दांड्या सरकवून नेमके तेच सूर लावायचे. दादा आणि मी सुराच्या बाबतीत दगड. पाच दिवस झाले. शेवटी आत्या हात पुसत बाहेर आली. ती भजनी मंडळात पेटी वाजवायची. "वाजव," म्हणाली. दादानं वाजवलं. तिनं आपली पेटी पुढे ओढली, भाता सोडला, एकेक सूर शोधला आणि वहीत सा रे ग म करून लिहून काढला. मग पडद्याकडे पाठ करून, डोळे मिटून सांगत राहिली, "वर... अजून वर... गेला पुढे. मागे ये. हां." पाचही लागले. आम्ही ओरडलो, काका उठले आणि आजीनं पुन्हा विचारलं, माणसं सापडली का?

सापडली होती, पण कामाची नव्हती. दोन भाऊ, एक लाल पुस्तकात कोंडलेला, एक निळ्या. दोघेही सांगतात, मला सोडव, तो दुसरा नालायक आहे. जोडखातं असलेल्या भावांशी ज्याचा व्यवहार आलाय त्याला हे नवीन नाही. इथे खेळ तुम्हाला जे करायला लावतो ते मला आजही थोर वाटतं: भावांचं ऐकू नका, त्यांच्या खोल्या बघा. एकाच्या खोलीत उंची पडदे आणि लपवलेला खजिना, दुसऱ्याच्या खोलीत छळाची यंत्रं. कर्ज देण्याआधी घर बघून यावं हा बँकेचा नियम, आणि माणूस समोर नसताना त्याची खोली त्याच्याविषयी जास्त खरं बोलते. बरोबर उत्तर अर्थातच दोघांनाही सोडायचं नाही हे. (खेळ तीस वर्षांपूर्वीचा आहे, शेवट फोडल्याबद्दल मी माफी मागणार नाही.) बाप सापडतो, आभार मानतो, माझं ग्रंथालय तुझंच समज म्हणतो आणि खाली मान घालून पुन्हा लिहायला लागतो. फटाके नाहीत, नावांची पाटी नाही. तुम्ही परत बेटावर एकटे. हा शेवट पुष्कळांना फसवणूक वाटला. माझ्या मते याहून प्रामाणिक शेवट या धंद्यात झालेला नाही. चांगलं काम केल्यावर साहेब असंच करतात.

दुसरा भाग 'रिव्हन' १९९७ साली आला, पाच सीडींवर. एका बेटावरून दुसऱ्यावर जाताना सीडी बदलावी लागे. दादरला गाडी बदलल्यासारखं वाटायचं. पण हा भाग पहिल्यापेक्षा मोठा आहे, आणि एकटेपणाच्या बाबतीत खोल. कारण इथे माणसं आहेत आणि ती तुम्हाला टाळतात. पहारेकरी लांबून भोंगा वाजवतो आणि गाव दारं लावून घेतं. एक लहान मुलगी दिसते न दिसते तोच पळते. गावच्या शाळेत अंक शिकायचं एक खेळणं आहे. दोरीला टांगलेला बाहुला, खाली जबडा वासलेला समुद्रप्राणी. जेवढा अंक येईल तेवढा बाहुला खाली उतरतो. तुम्ही ते फिरवत तिथले आकडे शिकता, आणि शिकता शिकता लक्षात येतं की इथली मुलं रोज याच्यावर मोजायला शिकतात आणि या गावावर कोणाचं राज्य आहे. एक शब्द न बोलता सांगितलेली राजवट! असं दुसरं उदाहरण मला माहीत नाही.

'रिव्हन' आमचा अर्धाच राहिला. पंचवीस दगडांतून पाच निवडायचे होते, तिथे आम्ही अडलो, आणि १९९९ च्या ऑगस्टमध्ये दादा एम. एस. करायला अमेरिकेला गेला. तिकडेही भाऊ वेगळे झालेच होते. 'रिव्हन'नंतर रॉबिन कंपनीतून बाहेर पडला.

नंतरच्या भागांचा हिशेब मी भरभर मांडतो. २००१ चा तिसरा भाग दुसऱ्याच कंपनीनं केला. त्यात वीस वर्षं एकटा अडकलेला, बायकामुलं मेली असं समजून चाललेला एक माणूस आहे. तो तुमच्यावर ओरडतो, वस्तू फेकतो. काम करणाऱ्या ब्रॅड डूरिफनं जीव ओतलाय. मला आधी राग आला की बेटावर माणूस आणला. मग वाटलं, याच्या इतकं त्या बेटाचं कोणीच नाही. चौथा २००४ चा, देखणा आणि बडबड्या. पाचवा २००५ चा, कंपनीनंच शेवटचा म्हणून जाहीर केलेला. मध्येच २००३ मध्ये 'उरू' काढला होता, आणि त्यात काय ठरवलं, तर सगळ्यांनी एकत्र खेळायचं. एकांताची सार्वजनिक सोय! सगळ्यांचं मिळून ते जग २००४ च्या फेब्रुवारीतच गुंडाळावं लागलं. पुढे ते पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं आणि २०१० पासून चाहत्यांच्या वर्गणीवर फुकट चालू झालं. मी एका रात्री आत जाऊन आलो. जमिनीखालचं अफाट शहर, हजारोंसाठी बांधलेले चौक, आणि एका कोपऱ्यात एकच माणूस उभा. मी 'नमस्कार' लिहिलं. उत्तर नाही. तो खेळ चालू ठेवून जेवायला गेला असावा. साऱ्या मालिकेत एवढं एकटं मला कुठेच वाटलं नाही, आणि हे करणाऱ्यांच्या मनात मुळीच नव्हतं.

तर पुढच्या भागाची आशा ठेवावी का? २०१६ च्या 'ऑब्डक्शन'मध्ये रॉबिन परत आला, संगीत दिलं, एक भूमिकाही केली. २०२० मध्ये 'मिस्ट' आणि २०२४ मध्ये 'रिव्हन' नव्यानं बांधून काढले. आता खरोखरचं चालता येतं. मग २०२५ साली बातमी आली की कंपनीनं जवळजवळ निम्मी माणसं कमी केली. आमच्याकडे स्वेच्छानिवृत्ती योजना आली तेव्हाचे लोक सांगतात, टेबलं तशीच राहिली होती. तरी मी आशा सोडलेली नाही. मागणी माझी लहान आहे. बेट एकच द्या, आणि चहाच्या वेळेपर्यंत माझ्याशी कोणी बोलू नका. गावकऱ्यांना पुन्हा दारामागे ठेवा. आणि एवढं करा, की माणसं कुठे गेली ते मला शेवटपर्यंत पुरतं कळू देऊ नका.

'रिव्हन' नव्यानं निघाल्याचं मी दादाला लगेच कळवलं होतं. तीन दिवसांनी अंगठ्याचं चित्र आलं. आमचं बोलणं हल्ली असंच. काका २०१५ ला गेले, आत्या २०२१ च्या एप्रिलमध्ये. विमानं, परवानग्या, सगळाच घोळ; तो येऊ शकला नाही. त्याबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही काही विचारलं नाही. बहीण पुण्याला. ठाण्याच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा जातो, मेंटेनन्स भरतो, नळ सोडून ठेवतो, खिडक्या उघडतो आणि लावतो.

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी दहाला, म्हणजे त्याच्याकडे शनिवारी रात्री साडेनऊला, फोन वाजला. अंगठा नव्हता, निरोप होता. त्याच्या मुलाला त्यानं 'मिस्ट' घेऊन दिलाय आणि पोरगं अग्निबाणात अडकलंय. "आईनं लिहून ठेवलेले सूर आहेत का रे कुठे?"

मी ठाण्याला गेलो. स्वयंपाकघरात भिंतीवर २०२१ च्या एप्रिलचं पान तसंच. पेटी खाटेखाली, खोळीत. खोळीच्या खिशात भजनाच्या वह्या आणि त्यांत आमची आलेखाच्या कागदांची वही. दुसऱ्याच पानावर पाच सूर, तिच्या अक्षरात, आणि कडेला 'उद्या दूध अर्धा लिटर जास्त'. फोटो काढून पाठवला. खाली लिहिलं, नव्या खेळात कोडी दर वेळी बदलून टाकायची एक सोय आहे, ती आधी बंद कर, नाहीतर आत्याचं उत्तर चालणार नाही.

बराच वेळ काही आलं नाही. मी नळ सोडून ठेवला, खिडक्या उघडल्या. मग विचारलं त्यानं, पेटी वाजते का अजून?

मी भाता सोडून बघितला. एक पट्टी दबलेलीच राहत्ये, बाकीची वाजते, असं कळवलं.